आधी कुठला पाय

हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला सगळे गिरकी म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथेच राहायचं. वय चव्वेचाळीस, अंगाने भरलेली, केस वाफेने कायम दमट. सकाळी सातला ती चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या रुळापाशी उभी राहायची आणि तिच्यासमोर आक्का. आक्का लाँड्रीतली सगळ्यांत जुनी बाई, साठीला टेकलेली, तोंडाने फटकळ. तापलेली चादर बाहेर आली की दोघी तिचे कोपरे धरायच्या, घडी घालायच्या आणि ढिगावर टाकायच्या. भिंतीवरच्या रेडिओला गाणं लागलं की घडी घालता घालता आधी गिरकीची मान हलायची, मग खांदे, मग सगळी बाईच.

नाच तिला कुणी शिकवला नव्हता. लोक बघताहेत हे नाचताना तिच्या गावीही नसायचं. तशी ती भित्री होती. लिफ्टला भ्यायची, कुत्र्यांना भ्यायची, मुलीच्या शाळेतून फोन आला की तिचे हातपाय गार पडायचे. पण नाचाची भीती वाटते म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलं असतं तरी कळलं नसतं.

एका थोरल्या नर्सबाईंच्या निरोपाच्या दिवशी कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला लावली, गाणी लावली आणि गिरकी एकटीच मधे जाऊन नाचली. दीडशे माणसं हातातला चहा गार होईपर्यंत बघत राहिली. त्यांत औषधांच्या खिडकीवरचा कंपाउंडरही होता.

दुसऱ्या दिवशी तो लाँड्रीच्या दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, शिडशिडीत, गोळ्या मोजून मोजून बोलणंही मोजकं झालेला माणूस. त्याचं म्हणणं असं होतं, की तो आणि त्याची ताई लहानपणापासून जोडीने नाचत आले. रीतसर शिकलेले, छत्तीस वर्षं. शहरातल्या कामगारांची जोडीनृत्याची स्पर्धा ते एकही वर्ष चुकवत नसत. यंदा ताईचं मांडीचं हाड मोडलं. स्पर्धेला दहा आठवडे होते. गिरकी त्याच्याबरोबर नाचेल का, असं त्याने विचारलं. आणि जाता जाता म्हणाला, की गाणं इतकं ऐकणारं माणूस त्याने पाहिलेलं नाही.

गिरकी हुरळली. नवरा बस डेपोत टायर बसवायचा. तो म्हणाला, "जा की. घरात नाचून भांडी पाडण्यापेक्षा बरं."

कंपाउंडरच्या घरी पुढची खोली रिकामी ठेवलेली होती. गुळगुळीत लाकडी जमीन, एक कपाट, एक स्पीकर आणि अख्ख्या भिंतीभर आरसा. ताई कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, पाय स्टुलावर ठेवून. गिरकी दारातून आत आली तीच आरशात शिरली. स्वतःला नाचताना तिने कधी पाहिलं नव्हतं. समोर एक जाडजूड बाई उभी होती, पदर एका बाजूला ओघळलेला, आणि ती बाई आता नाचणार होती. गिरकीने पदर कमरेला खोचला.

मग कंपाउंडरने डावा हात पुढे केला आणि उजवा तिच्या पाठीवर खांद्याच्या हाडाखाली टेकवला. हात नेमका होता, डॉक्टरांचा असतो तसा. ताई मोजू लागली, एक दोन तीन, एक दोन तीन. गाणं सुरू झालं आणि गिरकी निघाली. तिला वाटलं निघाली, पण ती जिथे गेली तिथे तो नव्हता. तो अजून मागच्या पावलावर होता. त्याच्या बुटावर तिचा पाय पडला. पुन्हा सुरुवात, पुन्हा बुटावर पाय. सुरावट जिथे वर उचलली जायची तिथे गिरकीचं अंग आपोआप रेंगाळायचं, आणि तो मात्र घड्याळाच्या काट्यासारखा पुढे सरकायचा.

"तू गाणं ऐकतेस," ताई म्हणाली. "तो आकडे ऐकतो. पण बाई, जोडीत एकटीने ऐकून भागत नाही. आधी उजवा पाय मागे. पायांकडे लक्ष दे."

गिरकीने पायांकडे लक्ष दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच दिलं, आणि तिथेच घोळ झाला.

पुढचे सहा आठवडे ती दर सोमवारी आणि गुरुवारी जात राहिली. उजवा मागे, डावा बाजूला, जवळ घे. घरी ओट्यापाशी उभी राहून तेच, बसच्या रांगेत तेच. पावलं हळूहळू बसली. पण सोमवार-गुरुवार उजाडला की तिला सकाळचा चहाही नकोसा व्हायचा. जिना चढताना ती कठडा धरून थांबायची आणि वरून ताईच्या खुर्चीची करकर ऐकू आली की परत फिरावंसं वाटायचं. कंपाउंडर कधी रागावला नाही. तो नुसता म्हणायचा, "पुन्हा," आणि त्या एका शब्दाने तिला घाम फुटायचा.

मुलगी सोळा वर्षांची होती. तिने एकदा विचारलं, की आई हल्ली भाजी चिरताना गुणगुणत का नाही. गिरकीने तिला कांदे आणायला पाठवलं. आक्काच्या लक्षात त्याआधीच आलं होतं. रेडिओवर गिरकीचं आवडतं गाणं लागलं आणि गिरकीने घडी घातली, ढिगावर टाकली, पुढची चादर धरली. मान हलली नाही.

"बरं वाटत नाही का गं?" आक्काने विचारलं.

"कुठे काय," गिरकी म्हणाली.

सातव्या आठवड्यात यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाला मुलगी झाली. त्या आनंदात लाँड्रीतच छोटा कार्यक्रम झाला. कुणीतरी रेडिओ मोठा केला आणि नेहमीप्रमाणे सगळे गिरकीला पुढे ढकलू लागले. ती हसत मधे गेली. गाणं ओळखीचं होतं, शंभर वेळा त्यावर नाचलेलं. ती उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, आधी कुठला पाय?

पाय हलेना. गाणं पुढे चाललं होतं आणि ते बंद दाराआडून यावं तसं तिला ऐकू येत होतं. मंडळी टाळ्या वाजवत होती. मग टाळ्या विरळ झाल्या. कानशिलं तापली आणि हात मात्र बर्फ झाले. आपल्या अंगातून कुणीतरी काहीतरी काढून नेलंय आणि ते कुठे गेलं हे शोधायची जागाही ठाऊक नाही, अशी ती भीती होती. लिफ्टमध्ये अडकल्यावर निदान बाहेर माणसं असतात. इथे तीच आत आणि तीच दार.

"पायात गोळा आला," असं म्हणून ती खाली बसली. आक्काने मुकाट्याने तिची पोटरी चोळायला घेतली. पोटरी मऊ आहे हे आक्काला कळलं होतं, तरी ती चोळत राहिली.

गिरकीने ठरवलं, आता पुरे. सोमवारी ती नाही म्हणायलाच गेली. ताई तपासणीसाठी डॉक्टरांकडे गेली होती आणि खोलीत कंपाउंडर एकटाच होता. लाँड्रीत काय झालं ते तिने त्याला सांगितलं. बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. "तुमच्या शिकवण्याने माझं होतं तेही गेलं," ती म्हणाली. "मला ते परत पाहिजे."

तो म्हणाला, की ते परत कसं मिळतं हे त्याला माहीत नाही, कारण त्याच्याकडे ते कधी नव्हतंच. एवढ्या वर्षांत तो एकदाही एकटा नाचलेला नव्हता. घरातही नाही.

गिरकीला खरं वाटेना. तिने स्वतःच जाऊन गाणं लावलं आणि म्हणाली, "नाचून दाखवा बरं."

तो मधे उभा राहिला. हात वर गेले, समोर कुणीतरी असल्यासारखे. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि तो थांबला. कपाळावर घाम आला होता. "ताई नसली की मला कळतच नाही मी कुठे आहे," तो म्हणाला. "सगळ्यांना वाटतं मी तिला नेतो. मी तिला धरून चालत आलोय." ताईचं हाड मोडलं त्या रात्री आपल्याला तिच्यापेक्षा स्वतःचीच काळजी जास्त वाटली, हेही त्याने सांगितलं. ते सांगताना त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला.

आरशात दोन माणसं दिसत होती आणि दोघांचीही घाबरगुंडी उडालेली होती. गिरकीला त्याचा राग यायचा राहून गेला.

"नाचायचं नाही," ती म्हणाली. "पाय हलवायचेच नाहीत. गाणं संपेपर्यंत नुसतं उभं राहायचं."

तिने गाणं पहिल्यापासून लावलं. दोघं हातभर अंतरावर उभी राहिली. अर्ध्यावर आल्यावर कंपाउंडर हळूच म्हणाला, "ती श्वास घेते." गाणारी बाई प्रत्येक ओळीच्या आधी श्वास घेत होती, कधी छोटा, कधी खोल. या गाण्यावर तो अकरा वर्षं नाचत होता आणि तो श्वास त्याने आज ऐकला. गिरकी तर त्या श्वासावरच रेंगाळायची. पण आपण श्वासासाठी थांबतो हे तिलाही आत्ताच कळलं.

मग त्याने पाठीवर हात टेकवला. "मागे भार टाका," तो म्हणाला. "पाय विसरा. तुम्ही पडणार नाही, तेवढं मात्र मला येतं." तिने भीत भीत भार टाकला. हात जागचा हलला नाही. इतका भार तिने लग्नाच्या नवऱ्याच्याही हातावर कधी टाकला नव्हता, आणि तिला ते एकाच वेळी भयंकरही वाटलं आणि बरंही.

नाही म्हणायचं राहूनच गेलं.

स्पर्धा दुपारी होती, कामगारांच्या सभागृहात. सात जोड्या, तीनशे माणसं. पडद्यामागे गिरकीने घरी जाते म्हणून चप्पलसुद्धा पायात घातली होती. कंपाउंडरची स्थिती वेगळी नव्हती. तो शर्टाचं एकच बटण लावत होता आणि काढत होता. शेवटी पाचव्या जोडीचा पुकारा झाला आणि दोघं गेली, कारण मागून लोक ढकलत होते.

दिव्यांमुळे माणसं दिसत नव्हती. निदान ते बरं झालं. पहिली दोन कडवी नीट गेली. तिसऱ्यात गिरकी वळली आणि पुढचं पाऊल डोक्यातून साफ पुसलं गेलं. तोच बंद दाराआडून येणारा आवाज, तेच बर्फाचे हात. एरवी त्याने तिला आकड्यात ओढून घेतलं असतं. या वेळी तो थांबला. पाठीवरचा हात तसाच होता, फक्त वाट बघत होता. गाणाऱ्या बाईने श्वास घेतला, आणि गिरकी त्या श्वासाबरोबर हलली. कुठला पाय आधी पडला ते दोघांनाही नंतर आठवलं नाही. तो तिच्या मागून आला, जरा उशिराने, पण आला.

नंबर आला नाही. परीक्षकांनी ताल चुकल्याचे गुण कापले. ताई काठी टेकत पडद्यामागे आली आणि तिने भावाचं सुटलेलं बटण लावलं. मग म्हणाली, "तिसऱ्या कडव्यात चुकलात." आणि डोळे पुसून वर म्हणाली, "घरी चला आता, माझा पाय दुखतोय."

गिरकीला वाटलं होतं, स्पर्धा आटोपली की सगळं पूर्वीसारखं होईल. तसं झालं नाही. पुढे काही महिने रेडिओ वाजायचा आणि ती नुसतीच घडी घालायची. मग एकदा मान हलली आणि ती हललेली तिला कळली, म्हणून लगेच थांबली. असं कितीतरी वेळा झालं. अखेर एका दुपारी ती अख्खं गाणं नाचली, आणि आक्काने चादरीचं आपलं टोक सोडून बाकीच्यांना गप्प राहायची खूण केली.

पण भीती गेली नाही ती नाहीच. आता नाचायला उठण्याआधी तिच्या तळव्यांना घाम येतो, आणि एखाद्या वेळी ती खरोखरच उठत नाही. गुरुवारी ती अजून ताईकडे जाते. कंपाउंडर लोकांपुढे एकटा आजवर नाचलेला नाही आणि नाचेल असंही वाटत नाही. गेल्या महिन्यात मुलीने विचारलं, मीही येऊ का शिकायला. गिरकीने तिला हो म्हणायला दोन दिवस लावले. मग तिला बरोबर घेऊन जिना चढली, आणि अर्ध्यावर कठडा धरून थांबली तेव्हा मुलगीही काही न विचारता थांबली.