सुकरीच्या नाकावरचा पुंजना

आमच्या डॉक्टरसाहेबांनी नाकाच्या सात शस्त्रक्रियांवर एक लेख लिहिला होता. नागपूरच्या एका सभेत तो वाचला गेला. त्याची टाइप केलेली प्रत अजून माझ्या ट्रंकेत आहे. त्यात पाचव्या नंबरला लिहिलंय: ‘स्त्री, वय अंदाजे बावीस. अस्वलाचा हल्ला. कपाळाच्या त्वचेचं नाक. परिणाम समाधानकारक. नाकावर जुन्या गोंदणाचा दोष राहिला आहे.’

दोष म्हणे. उभं आयुष्य मी लोकांच्या जखमा बांधण्यात घालवलं, पण हा एक शब्द वाचला की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्या बाईचं नाव सुकरी होतं. आणि ते गोंदण ‘राहिलं’ नव्हतं, तिनं ते भांडून ठेवून घेतलं होतं. डॉक्टरसाहेब देवमाणूस, त्यांच्या हाताबद्दल मला अवाक्षर काढायचं नाही. पण त्यांनी त्यांचं लिहिलं, तसं मी माझं लिहितो.

मी बापूजी, ड्रेसर. नागभीडला रेल्वे फाटकाच्या पलीकडे एका ट्रस्टचा वीस खाटांचा दवाखाना होता, तिथं मी एकोणीसशे पन्नासपासून पट्ट्या बांधत होतो. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. शस्त्रक्रियेचं टेबल एकच, आणि डॉक्टरही एकच. सकाळी हर्निया, दुपारी मोतीबिंदू, आणि मध्येच बैलगाडीतून अडलेली बाळंतीण आली की तिचं पोट उघडायचं. हर्नियाचा माणूस दहाव्या दिवशी आपल्या पायानं घरी जाई. मोतीबिंदूच्या म्हातारीला आठ दिवस डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवावं लागे, आणि ती आठही दिवस मला शिव्या घाली. बाळंतिणींचं मात्र काही सांगता येत नसे. ज्या उशिरा येत, त्या कधी कधी जात. ते अजूनही आठवायला नको वाटतं.

सुकरी आली ती पौष महिन्यात, पंचावन्न साल उजाडत होतं तेव्हा. धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातलं तिचं गाव. वैनगंगेपर्यंत पायी, मग डोंग्यातून नदी पार आणि पुढं बैलगाडी, असे चार दिवस करून नवरा चैतू तिला घेऊन आला होता. आधीच्या चैतात ती पहाटे मोह वेचायला गेली होती. मोहावर माणसाइतकाच अस्वलाचाही जीव. झाडाच्या मागून ते कधी आलं तिला कळलंच नाही. चैतूनं कुऱ्हाड घेऊन हाकललं तोवर त्यानं नाक नेलं होतं. गालावर चार नखांचे ओरखडे होते, आणि कपाळ मात्र जसंच्या तसं. जखम गावच्या पाल्यानं नीट भरली होती. आम्हीसुद्धा इतकी नीट भरली नसती.

तिनं पदर काढला आणि मी मान फिरवली. इतकी वर्षं या कामात काढून मी मान फिरवली, हे मला कबूल केलंच पाहिजे. तिनं ते बरोबर पाहिलं.

“भाऊ, तुमी दवाखान्याचे माणूस,” ती म्हणाली, “तुमीच तोंड फिरवान तं मी कोणाकडं पाहू?”

तिला नाक कशाला हवं होतं ते तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. तिची अडीच वर्षांची पोरगी होती, बुधरी. सुकरीच्या कपाळावर मधोमध, केसांच्या जरासं खाली, गोंदणाचे सहा ठिपके होते. खाली तीन, त्यावर दोन, त्यावर एक. शेतात धानाच्या पेंढ्यांची रास, म्हणजे पुंजना, रचतात, तसे. बुधरी अंगावर पिताना त्या ठिपक्यांवर नख टेकवत राही. एक, मग दोन, मग तीन. अस्वलानंतर सुकरी शुद्धीवर आली, पोरीला जवळ घ्यायला गेली, आणि पोरगी किंचाळून आजीच्या मागं दडली. आठ महिने झाले, ती आईजवळ आली नव्हती. सुकरी नाकापर्यंत पदर घेऊन बसली तरी येईना. बाजारातल्या लोकांचं हसणं सुकरीनं केव्हाच झटकून टाकलं होतं, पण हे तिला झटकता येत नव्हतं.

डॉक्टरसाहेबांनी तिला दोन रस्ते सांगितले. एक, दंडाची कातडी. त्यासाठी कातडी दंडाला जोडलेलीच ठेवून हात तीन आठवडे चेहऱ्याला बांधायचा. दोन, कपाळाची कातडी खाली वळवून घ्यायची. दंडाची त्यांनी दोन केली होती, त्यातलं एक नाक रुग्णानं झोपेत हात हलवला म्हणून वाळून गेलं. कपाळाची दोन केली, दोन्ही जगली. तरी साहेबांचा कल दंडाकडं होता, कारण कपाळातलं कातडं घ्यायचं तर गोंदण नाकावर येणार. निळ्या ठिपक्यांच्या नाकाला लोक हसतील, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला त्यांच्या बाजूनं तिला समजवायला सांगितलं आणि मीही लागलो समजवायला, दीडशहाण्यासारखा.

तिनं एवढंच विचारलं, की जास्त जगतं कोणतं. कपाळाचं, मी म्हटलं. मग कपाळाचंच घ्या, ठिपक्यांसकट, असं म्हणून तिनं विषय संपवला. साहेबांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. ठिपके आधी खरवडून टाकू, मग कातडं घेऊ, असंही म्हणून पाहिलं. तेव्हा ती खाटेवर सरळ उठून बसली.

“मी सहा वर्षांची होती. मायनं हात धरले, गोंदणारीनं टोचलं,” ती म्हणाली. “मेल्यावर बांगड्या काढतीन, लुगडं काढतीन. हे कोणी काढत नाई. आन् माह्या पोरीच्या वळखीचं आता येवढंच हाये. ते तुमी खरवडान?”

मी ते साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात टेकले.

साहेबांनी मेणाचं नाक केलं, ते पळसाच्या पानावर सपाट करून पान त्या मापानं कापलं आणि पान तिच्या कपाळावर उलटं ठेवून शाईनं रेघ ओढली. ईथरची भूल देऊन अडीच तास काम चाललं. कपाळावरचं कातडं पानाच्या आकारात सोडवलं, पण भुवईजवळ बोटभर रुंदीची पट्टी तशीच ठेवली, आणि त्या पट्टीवर ते गर्रकन फिरवून खाली नाकाच्या जागी शिवलं. कपाळाच्या उघड्या जागेवर मांडीचं पातळ कातडं लावलं. त्या पट्टीला आम्ही देठ म्हणायचो. नव्या जागी रक्त धरायला तीन आठवडे लागतात, तोवर नाकाचा सगळा जीव त्या देठात. नंतर देठ कापायचा.

जीव आहे की नाही ते पाहायची युक्ती सोपी असते. नाकाच्या शेंड्यावर बोट दाबायचं, कातडी पांढरी पडते. बोट उचललं की लाली परत येते. आली की नाक जिवंत. दर दोन तासांनी मी हे करायचो. तिसऱ्या दिवशी तिनं आरसा मागितला. चेहऱ्याच्या रुग्णाला देठ कापेपर्यंत आरसा द्यायचा नाही, असा आमच्याकडं नियम होता. मी नाही म्हटलं. चौथ्या दिवशी ती पट्ट्यांच्या स्टीलच्या ट्रेमध्ये तोंड पाहताना सापडली. मग मीच माझा दाढीचा आरसा आणून दिला आणि दाबून कसं पाहायचं ते शिकवलं. भुवयांमधून लोंबणारा तो मांसाचा देठ तिनं बराच वेळ पाहिला.  त्यानंतर माझ्या आधी तीच दाबून पाहायची आणि मला सांगायची, हाये.

नवव्या दिवशी तिची माय सोमारी आली. गावच्या पुजाऱ्यानं देवापुढं ठेवलेला काळा दोरा तिनं चार दिवस कमरेला जपून आणला होता. जिथं दुखणं तिथं दोरा बांधायचा, आणि घट्ट बांधायचा, कारण सैल दोऱ्यातून दुखणं निसटून परत फिरतं, अशी त्यांची रीत. दुपारी सुकरी झोपली होती. सोमारीनं पाहिलं, की लेकीचं नवं नाक एवढ्याशा पट्टीवर लोंबतंय. कोणत्याही आईला वाटेल, की हे इथूनच तुटणार. म्हणून तिनं बरोबर त्याच जागी, देठावरच्या जाळीच्या कापडावरून, सात फेरे आवळून दोरा बांधला. जिथून नाकाला रक्त जात होतं, तिथं.

आणि मी तो दोरा पाहिला होता. हे मला लिहायचं नव्हतं, पण लिहितो. आदल्या वर्षी मी एका माणसाच्या दंडावरचा दोरा न विचारता कापला होता. त्याच्या घरच्यांनी त्याच दिवशी त्याला खाटेसकट उचलून नेलं आणि तो पुन्हा दिसला नाही. तेव्हापासून मी दोऱ्यांना हात लावत नसे. डॉक्टरसाहेब टाक्यांचं सामान आणायला नागपूरला गेले होते, उद्या येणार होते. उद्या तेच बघतील, असं म्हणून मी पुढच्या खाटेकडं सरकलो. भित्रेपणा तो, दुसरं काय.

तासाभरानं सुकरीनं मला हाक मारली. हातात आरसा होता. तिनं माझ्यासमोर शेंड्यावर बोट दाबलं आणि उचललं. पांढरं पडलेलं तसंच राहिलं. बाजूचं कातडं जांभळं होत चाललं होतं. तिनं कात्री मागितली.

सोमारीनं तिचं मनगट धरलं. “तोडू नोको, बाई. देवाचा हाये तो.”

अख्खा वॉर्ड उठून बसला. वाळूच्या पिशव्यांमधल्या म्हातारीनं काय झालं काय झालं म्हणून घोशा लावला. मी ट्रे घेऊन मध्ये उभा, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर डॉक्टरसाहेबांना येऊ दे.

“डॉक्टर उद्या येतीन, भाऊ,” सुकरी म्हणाली. “नाक आज मरून राह्यलं.”

तिनं आईचा हात हळूच बाजूला केला, माझ्या ट्रेमधली कात्री उचलली, डाव्या हातात आरसा धरला आणि एकेक फेरा कापत गेली. सात फेरे. हात जरा जरी चुकला असता, तर देठच तुटला असता. तिचा हात हलला नाही. सोमारीनं दोऱ्याचे तुकडे एकेक करून वेचले, ओच्यात बांधले आणि निघून गेली. चार दिवस चालून आलेली बाई, पाणीसुद्धा न पिता गेली. सुकरीनं तिला थांबवलं नाही. पण ती फाटकाबाहेर गेल्यावर भिंतीकडं तोंड करून रडली, आणि ते पाणी टाक्यांवर जाऊ नये म्हणून मी कापसाचा बोळा धरून बसलो. माझ्या हातून त्या दिवशी तेवढंच झालं.

संध्याकाळपर्यंत लाली परतली. डाव्या नाकपुडीची तांदळाएवढी कड काळी पडली ती पडलीच, आणि आठवड्यानं गळून गेली. साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला असं झाडलं, की दोन दिवस वॉर्डात मान वर करता आली नाही. बरोबरच केलं.

बाविसाव्या दिवशी देठ कापला. आठवड्यानं पट्टी निघाली. नाक झालं होतं, थोडं जाड, डावीकडं एक खाच, पण नाक. आणि त्यावर सहा ठिपके. फक्त कातडं वरून खाली फिरवलेलं, त्यामुळं पुंजनाही फिरला होता. तीन ठिपके वर डोळ्यांजवळ, मध्ये दोन, आणि एकटा खाली शेंड्याजवळ. साहेबांना हे आधीपासून ठाऊक असणार. माझ्या मात्र डोक्यातच आलं नव्हतं. साहेबांनी ठिपके खरवडायचं पुन्हा एकदा विचारलं. तिनं आरशातून नजरसुद्धा काढली नाही, नुसती नकारानं मान हलवली. बाजारकऱ्यांबरोबर तिनं गावी निरोप धाडला, की बुधरीला आणा, आणि मायला सांगा की मी बोलावलं.

चैतू आला, खांद्यावर बुधरी. मागं बरंच अंतर ठेवून सोमारी. ती उंबऱ्यातच थांबली. बुधरी खाली उतरली ती थेट आजीच्या लुगड्यात शिरली. सोमारीनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

“पुंजना उलटा झाला,” ती म्हणाली. “मेल्यावर वरचे आपले लोक तुले वळखतीन कसे?”

 गोंदणासाठी साहेबांशी भांडली, नाकासाठी आईचा दोरा तोडला, आणि आता हे. पण सुकरीनं पदराला हातसुद्धा लावला नाही. तोंड होतं तसं उजेडात ठेवलं.

“मान वाकडी करून पाहावं त्यायनं, माय,” ती म्हणाली. “अस्वलाच्या हातून सुटून मी इथवर आली. तेवढं त्यायनं करावं.”

 सोमारीच्या लुगड्याच्या घडीतून एक डोळा बाहेर आला. मग दुसरा. बुधरीनं आईकडं पाहिलं आणि मान खांद्याला लागेल इतकी वाकडी केली, इतकी की तिचा तोलच गेला आणि दोन पावलं पुढं आली. तिथून पुन्हा मान वाकडी. सुकरी हलली नाही, हातही पुढं केला नाही.  पोरगी खाटेशी आली. हात लांबवून तिनं खालच्या एकट्या ठिपक्यावर नख टेकवलं. मग टाचा उंचावून मधल्या दोनांवर.

वरचे तीन तिच्या हाताला पोचेनात. त्यासाठी तिला आईच्या मांडीवर चढावं लागलं.