उशीतल्या तीन गाठी

आमच्या वहिनीच्या नादी लागू नये, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. ती गाद्या शिवते. मी, तिची धाकटी नणंद, कापूस पिंजून देते. गिऱ्हाईक म्हणालं "गादी टोचते", की ही स्वतः तिच्यावर आडवी होते आणि घोरून दाखवते.

पण दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं, तेव्हा तिचं ते घोरून दाखवणंही बंद झालं. तपासणीत गर्भाशयात तीन गाठी निघाल्या. कॅन्सरच्या नव्हेत, साध्याच. एक डॉक्टर म्हणाले, पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल. वहिनी बाहेर आली आणि म्हणाली, "गुठळी झाली म्हणून कुणी गादी फेकतं का?"

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जाताना तिने एक उशी घेतली. रिपोर्टमधल्या मापाचे कापसाचे तीन घट्ट गोळे आत शिवले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उशी टेबलावर ठेवून ती म्हणाली, "बाई, कुठं फाडणार आणि कसं शिवणार, ते यावर काढून दाखवा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन घेतलं. "ही आतल्या पोकळीत आलेली. हिच्यामुळे गर्भ टिकत नसावा. खालून दुर्बीण घालून काढू, पोटावर चीर नाही. ही बाहेरच्या अंगाला, लहान आहे. कुणाच्या वाटेत नाही, राहू दे. आणि ही मोठी, भिंतीत रुतलेली."

"ती पोटाला भोकं पाडून नाही होत? शेजारणीची तशीच काढली."

"होते. पण तुमची फार खोल आहे. पोट उघडलं तर मला थराथराने नीट टाके घालता येतील. पुढे त्या भिंतीला मूल पेलायचंय."

वहिनीने मान डोलावली. वरवरची शिवण ताण आला की उसवते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

मग ऑपरेशनच्या संमतीचा कागद आला. रक्त थांबलंच नाही, तर जीव वाचवायला पिशवी काढावी लागेल. असं क्वचितच होतं, बाई म्हणाल्या. वहिनीने तो दोनदा वाचला, माझा हात घट्ट धरला आणि सही केली.

ऑपरेशन दोन तासांचं म्हणाले होते, तीन झाले. दादा बाहेर बाकावर बसून दाराकडे बघत होता. मी भीतीपोटी त्याच्यावरच डाफरत होते. शुद्धीवर येताच वहिनीने विचारलं, "आहे का?"

"आहे," मी म्हटलं, आणि भर वॉर्डात रडले.

बाईंनी सांगितलं तितके महिने ती थांबली. मग दिवस गेले. टाक्यांवर कळांचा ताण नको म्हणून सिझेरियन आधीच ठरलं. त्या नऊ महिन्यांत तिने अख्ख्या गल्लीच्या गाद्या शिवल्या, पण बाळासाठी एक टाका घालू दिला नाही. मी छोटी खोळ बेतायला घेतली, तर हातातलं कापड हिसकावून घेतलं.

मुलगी झाली. वहिनीने तिला नखशिखांत तपासलं, मग माझ्याकडे बघितलं.

"अजून इथंच? जा, दुकान उघड. मऊ कापूस काढ. दोन फूट बाय सव्वा फूट."