भाचीचा आवाज

मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. चालताना पाय एकमेकांत अडकतात, मान एका बाजूला ओढली जाते आणि शब्द तोंडाबाहेर पडेपर्यंत निम्मे विरघळतात. मी नगरला सावेडीत राहते, घरी बसून एका छापखान्याची मुद्रितं तपासते.

त्या दिवशी मी एसटीने कोल्हारला निघाले होते. कंडक्टरने सगळ्यांसमोर विचारलं, "पिऊन आली का गं?"

मी सवलतीचं कार्ड पुढे केलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "तोंडानं सांग ना कुठं जायचंय ते."

मी सांगितलं. तो मागच्या प्रवाशांकडे वळला. "कुणाला कळलं का?"

लोक हसले. राखीव सीटवर एकाने बॅग ठेवली होती, ती त्याने उचलली नाही. कोल्हारपर्यंत मी दांडा धरून उभी होते.

ज्याच्याकडे निघाले होते तो जन्मापासून आंधळा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. लग्नसराईत बँजो पार्टीत काठ्यांनी ऑक्टोपॅड वाजवायचा आणि एरवी मोबाईलवर बीट बनवायचा. फोन त्याला स्क्रीनवरचं सगळं इतक्या वेगाने वाचून दाखवतो की मला त्यातलं काही कळत नाही. अपंगांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आमची ओळख झाली होती. मी रॅपचे शब्द पाठवायची, तो त्याला ठेका लावायचा. त्या दुपारी त्याच्या ओसरीवर बसून मी एका दमात गाणं लिहिलं.

'पाय वाकडा, शब्द वाकडा, तरी चालते धडधड,
पिऊन नाही आले दादा, कार्ड वाच, मग बडबड.
सवलत आहे तिकिटात, इज्जतीत नाही सूट,
राखीव सीट माझी आहे, बॅग घे अन् ऊठ.'

मी म्हणून दाखवलं. त्याने माझ्या अडखळण्याच्या जागा ऐकल्या आणि ठेका तिथे मुद्दाम थांबवला, म्हणजे मी अडले की तोही अडायचा. फार छान जमलं होतं ते, त्याने मोबाईलवर रेकॉर्डही केलं. त्याची आई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मला कळतं गं पोरी तुझं. पन लोकांला न्हाई कळायचं."

अपंगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या सरांपर्यंत ते रेकॉर्डिंग पोचलं. अपंग दिनाच्या कार्यक्रमात दाखवू म्हणाले. सावेडीतल्याच एका स्टुडिओत माझा आवाज घेतला, व्हिडिओही काढला. निघताना सर म्हणाले, "आवाज जरा साफ करून घेऊ." मला वाटलं, पंख्याची घरघर काढतील.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. मी पहिल्या रांगेत, तो स्टेजवर ऑक्टोपॅडशी. पडदा उजळला, माझा चेहरा दिसला, माझे ओठ हलले आणि आवाज आला तो एका गोड गळ्याच्या, स्वच्छ उच्चारांच्या मुलीचा. 'बॅग घे अन् ऊठ' ही ओळ काढून तिथे 'तुमच्या साथीने मारेन झेप' असं काहीतरी बसवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईंनी डोळे पुसले.

लहानपणी चर्चच्या क्वायरमध्ये मला शेवटच्या रांगेत उभं करून बाई कानात सांगायच्या, "तू नुसते ओठ हलव हं." तेव्हा मी हलवले होते.

सत्काराला मला वर नेलं. शाल खांद्यावर पडताना मी सरांना विचारलं, "कुणाचा आवाज?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांना कळलं. "अगं, माझी भाची. शब्द तुझेच आहेत की. लोकांपर्यंत पोचायला नको का?"

मी त्यांच्या हातातून माइक घेतला. त्यांनी सोडला, कारण भर स्टेजवर अपंग बाईशी झटापट करता येत नाही. मी मित्राकडे वळून म्हणाले, "वाजव."

त्याला माझं बोलणं इतर कुणाहीपेक्षा चांगलं कळतं. तेही कळलं. त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि मान खाली घातली.

ठेक्याशिवाय मी पूर्ण गाणं म्हटलं. दोन ओळींनंतर लोक आपसांत बोलू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "बिचारीला बसवा कुणीतरी." मी शेवटच्या शब्दापर्यंत थांबले नाही.

जिन्यापाशी त्याला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"हुतं."

"कधीपासून?"

"स्टुडिओतनं आल्यापासून. ताई, माझं बीट हाय त्यात. तुझ्या आवाजात कोन ऐकनार हाय?"

"मग उद्या व्हिडिओत तुझ्या जागी डोळस माणूस उभा करू?"

"करा की. मला थोडंच दिसनार हाय."

हे त्याने चेष्टेने म्हटलं नव्हतं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. माझा हात नेमक्या जागी जात नाही, म्हणून राहिलं.

घरी येऊन मी ओसरीवरचं मूळ रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकलं. त्याला विचारलं नाही, त्याचं नावही घातलं नाही. खाली लोकांनी लिहिलं, 'आधी उतरू दे, मग गा.' 'सबटायटल टाका.' चार दिवसांनी त्याचा फोन आला. "माझं बीट न इचारता लावलं?"

"माझा आवाज विचारून काढलास?"

त्याने फोन ठेवला. महिनाभराने ग्रुपवर त्याचं नवं गाणं आलं. ते माझ्यावर होतं.

'सावेडीची म्याडम, तिला बापाची पेन्शन,
माझं पोट ढोलावर, मला सीझनचं टेन्शन.
तुला राग परवडतो गं, मला न्हाई परवडत,
सायेबापुढं मान माझी उगाच न्हाई वाकत.'

मी ते सात-आठ वेळा ऐकलं. चांगलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं, आणि त्यातली पेन्शनची ओळ खरी होती, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. मी त्याच आठवड्यात उत्तर दिलं. त्यात त्याच्या मांडीवरच्या काठ्या घातल्या, वाकलेली मानही घातली. त्याने पुन्हा मला झोडपलं. ग्रुपवरचे लोक बाजू घेऊ लागले. माझ्या बाजूने जे होते ते माझं बोलणं नीट कळेपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकायचे, कारण भांडणातला एकही शब्द कुणाला सोडायचा नव्हता.

यंदा उन्हाळ्यात एका सरकारी कार्यालयासमोर आमच्या लोकांनी धरणं धरलं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांचं टेबल दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. धरणं धरणाऱ्यांनी आम्हा दोघांनाही बोलावलं. "तुमचं भांडण म्हणा इथं," एक कुबडीवाले काका म्हणाले, "गर्दी थांबंल."

आम्ही म्हटलं. फाटकाबाहेर, उन्हात, एका स्पीकरवर. आधी एकमेकांना मनापासून हाणलं, मग लिफ्टवर आलो, मग वरच्या साहेबांवर. खिडक्यांतून माणसं डोकावली. एक शिपाई आवाज बंद करा सांगायला खाली आला आणि माझी ओळ ऐकत थांबला. "काय म्हनली ती?" त्याने विचारलं. काकांनी त्याला ती ओळ शब्दन् शब्द सांगितली. त्यात साहेबांचं पोट होतं, शिपाई घाईने आत गेला.

तीन वाजता टेबल तळमजल्यावर आलं. पुढच्या आठवड्यात ते परत वर गेलं, असं कळलं.

त्या दिवशी निघताना तो म्हणाला, "तुझं तिसरं कडवं ठेक्याबाहेर गेलं."

"तू थांबायला हवं होतंस. आधी थांबायचास."

"आता न्हाई थांबनार. तू ये पळत."

लिफ्ट अजून बंदच होती. सोमवारी पुन्हा धरण्याला जायचं होतं आणि माझं उत्तर अजून लिहून व्हायचं होतं.