सखुबाईंची कावीळ

सखुबाई वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. नवरा गेल्यावर त्यांनी अंधेरीच्या बाजारात मासळी विकून एकुलत्या एका मुलीला, निशाला, वाढवलं. नवऱ्याकडून आलेला एचआयव्ही त्यांनी तिच्यापासूनही लपवला होता. त्यावरच्या उपचारासाठी त्या आमच्या इस्पितळातल्या केंद्रात येत; तिथे मी खिडकीवर औषधं देत असे.

जुन्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या तेव्हा डॉक्टरांनी नवी दिली. ही काय करते, असं सखुबाईंनी मला विचारलं. मी जमेल तसं सांगितलं. विषाणू आपली प्रथिनं एका लांब पट्टीत बनवतो. ती कापून सुटी झाली नाहीत तर नवा विषाणू तयार होत नाही. कापायचं काम प्रोटिएज नावाचं विकर करतं; ही गोळी त्याच्या पात्यातच अडकून बसते.

"म्हणजे सुरमई अख्खी, नि कोयता बोथट," त्या म्हणाल्या. माझ्यापेक्षा त्यांनीच बरं सांगितलं.

या गोळीने काहींचे डोळे पिवळे होतात, त्यात धोका नसतो, हेही मी सांगितलं. फार त्रास वाटला तर डॉक्टर गोळी बदलून देतात, हे सांगायचं राहिलं.

डोळे हळदीसारखे झाले. गिऱ्हाइकं पुढच्या कोळणीकडे वळू लागली. निशाचं लग्न ठरलं होतं. मुलाकडचे म्हणाले, आईचं रक्त तपासून घ्या. शेजारीच बसणाऱ्या जावेने काविळीची माळ गळ्यात घातली, पाल्याचा रस पाजला. सखुबाईंना नको म्हणता येईना. त्यांनी गुपचूप ती एक गोळी बंद केली. दहा-बारा दिवसांत डोळे पांढरे. रक्ताचा विषय मिटला, जावेचं नाव झालं.

पुढच्या महिन्यात ते पांढरे डोळे मी खिडकीतून पाहिले. तेव्हाच ओळखायला हवं होतं. मागे रांग होती, चारचौघांत कसं विचारणार, असं वाटलं. त्यांनी आणलेली डबी रिकामी होती. मी नवी दिली.

विषाणू पुन्हा वाढला, आणि वर्षभरात टीबीने त्यांना वॉर्डात आणलं. जाऊ पाणी आणायला गेली तेवढ्यात त्यांनी मला सगळं सांगितलं; गोळ्या फेकून डबी रिकामी करून आणत, तेही.

"निशाचं लगीन झालं ना, डॉक्टर. आता कोणाला बोलू नका."

मी डॉक्टर नाही, हे कधीच सांगितलं नव्हतं.

जाऊ परतली. मी इस्पितळातला म्हणून मुद्दाम सांगू लागली. "हिची कावीळ मी उतरवली. तुमच्याकडं कोण असंल तर धाडा माझ्याकडं."

सखुबाई माझ्याकडे बघत होत्या. धाडतो, म्हणालो.

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.