शेवाळाच्या वाफ्यातली राख

कोंडीबायला शेवाळाची जात बोटांनी कळायची. भाताच्या खाचरात हात घालायचा, चिमूट उचलून अंगठा त्यावर फिरवायचा आणि सांगायचं, "चिकट हाय, राहू दे," नाहीतर "केसाळ हाय, काढ." चिकट शेवाळ असलं की भात भरतो आणि केसाळ शेवाळ रोपाच्या गळ्याशी येतं, हे तिला सासूनं शिकवलं होतं. दाभोशाच्या वरच्या पाड्यात हे आणखी चारपाच बायांनाही कळत असेल. पण मुंबईच्या प्रोफेसरांची गाठ पडली ती कोंडीशीच. त्या दोघांच्या मधला दुभाष्या मी होतो, म्हणून ही हकिगत सांगायचं माझ्या कपाळी आलं आहे.

मी तेव्हा जव्हारला मास्तर होतो. लागलो संस्थानच्या शाळेत. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं आणि त्याबरोबर आम्ही मास्तर मंडळीही नव्या सरकारच्या पदरात पडलो. पण ज्यांच्याकडे ट्रेनिंगचा दाखला नाही त्यांचं काय करायचं, हे कुणालाच ठरवता येईना. माझ्याकडे दाखला नव्हता. दर उन्हाळ्यात मी नोकरी राहते की जाते याची वाट बघत बसायचो. माणूस असा बसला की भित्रा होतो, आणि मी झालो. खोटं कशाला बोलू?

विलीनीकरणाच्या त्याच साली कोंडीचा नवरा जिव्या तापानं गेला. पदरात दोन पोरी, घरात ना गुरं ना गडी. आणि आमच्याकडे भाताचं बी कच्च्या भुईत टाकत नाहीत. शेण, आईनाच्या तोडलेल्या पाल्याफांद्या म्हणजे कवळ, पालापाचोळा, गवत आणि वर बारीक माती, असे थर रचून वाफा आधी भाजायचा, त्याला राब म्हणायचं. राबाशिवाय रोप पिवळं पडतं आणि तणच माजतं. कोंडी पाड्याला म्हणाली, माझी काळजी करू नका, यंदा नागलीवर भागवीन. एक दिवस ती मोखाड्याच्या बाजाराला गेली आणि परतली तर तिचा वाफा भाजून काळा झालेला. कुणी भाजला ते कुणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पाड्याची रीतच तशी. ज्याचं अडलेलं असतं तो नको-नको म्हणतोच, ते ऐकायचं नसतं. त्याचा राब गुपचूप भाजायचा आणि तोंड मिटून बसायचं. बोललं की त्याचा उपकार होतो, आणि उपकार पाड्यात कुणालाच नको असतो.

त्रेपन्नच्या पावसाळ्यात प्रोफेसर आले. शेवाळावर संशोधन करायला माणूस मुंबईहून जव्हारला येतो, याचीच गावाला आधी गंमत वाटली. पानाच्या दुकानावर लोक विचारायचे, "काय मास्तर, तुमचा शेवाळसाहेब आज कुठं घसरला?" पण माणूस भला होता. गुडघाभर चिखलात उतरायचा, घसरायचाही, आणि उठून हसायचा. भाताच्या पाण्यातलं एक प्रकारचं शेवाळ हवेतलं खत ओढून जमिनीला देतं, असं त्यांचं म्हणणं होतं. खताची गोणी ज्याला कधी परवडणार नाही, त्या शेतकऱ्याला हे फुकटचं खत शेतातच वाढवता यावं, असा त्यांचा ध्यास होता.

मी त्यांना कोंडीकडे नेलं. तिनं त्यांना एका सकाळी सहा खाचरं दाखवली आणि चिकट शेवाळ कोणत्या तीनमध्ये आहे ते हात घालून सांगितलं. प्रोफेसरांनी सहाही नमुने मोखाड्याच्या बाजारातल्या लोणच्याच्या बरण्यांत भरून जव्हारला आणले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सहाच्या सहा बरोबर. त्या दिवसापासून कोंडी त्यांच्या कामावर रोजानं लागली.

एकदा प्रोफेसरांनी तिलाही त्या नळीतून बघायला लावलं. ती बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिली आणि म्हणाली, "ही तं मण्यांची पोत हाय. मधी मधी एक मोठा मणी घातलाय. तो कशाला रं, साहेब?"

आमच्या डोंगरच्या बोलीत साहेबालाही तूच म्हणतात. प्रोफेसरांना त्याचं काही वाटलं नाही. ते इतके खूश झाले की खुर्चीवरून उठलेच. "मास्तर, तिला सांगा, तो मोठा मणी कशासाठी असतो हे अजून जगात कुणालाच पक्कं माहीत नाही." मी सांगितलं. कोंडी म्हणाली, "मंग मला एकलीला माहीत नाय असं नाय." आणि हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पंचावन्नच्या उन्हाळ्यात प्रोफेसरांनी मोठा प्रयोग मांडला. कोंडीच्याच शेतात दोन वाफे आखले. एकाला नेहमीसारखा राब. दुसरा अजिबात भाजायचा नाही, पाऊस पडला की त्यात फक्त वाळवून ठेवलेल्या चिकट शेवाळाचा चुरा टाकायचा. दोन्हींत सारखं बी. हे मी कोंडीला तीनदा समजावलं आणि तिनं तीनदा मान हलवली. मग प्रोफेसर मुंबईला परीक्षा घ्यायला गेले आणि मी जव्हारला.

आता कोंडीच्या जागी उभं राहून बघा. हा माणूस परमुलखातला. इथं त्याला ना गुरं, ना शेण, ना कवळ तोडायला भाऊबंद. म्हणतो, माझा वाफा भाजू नका. अडलेला माणूस दुसरं काय म्हणणार? तिनं मे महिन्यात मोळ्या वाहून त्याचा वाफा भाजला, वर बारीक माती पसरली आणि रीतीप्रमाणे कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. तिच्या हिशेबी जिव्याच्या सालचं पाड्याचं देणं फिटलं. आणि साहेबाच्या प्रयोगाचा बोऱ्या वाजला.

जुलैत रोपं उपटायला आम्ही गेलो. दोन्ही वाफ्यांतली रोपं हातभर, हिरवीगार, डावंउजवं करता येऊ नये अशी. प्रोफेसर पोरासारखे बांधावर नाचायचे बाकी राहिले. मी शेवाळाच्या वाफ्यातलं एक रोप उपटलं आणि मुळं पाण्यात खळबळली. मुळांना कोळशाचे बारीक कण चिकटले होते. मी शेतकऱ्याच्या घरचा. न भाजलेल्या भुईत कोळसा येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी वर पाहिलं तर पलीकडच्या बांधावरून कोंडी माझ्याकडेच बघत होती.

मी ते रोप जुडीत घातलं.

तेव्हाच तोंड उघडलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण प्रोफेसर माझ्या नोकरीसाठी वर पत्र लिहिणार होते. ते आनंदात होते, आनंदात माणूस पत्र चांगलं लिहितो. असा माझा हिशेब. चार बुकं शिकलेल्या माणसाची अक्कल ही अशी.

दिवाळीनंतर जव्हारच्या कचेरीत बैठक भरली. वरून एक अधिकारी आले होते. टेबलावर बरण्या मांडल्या होत्या आणि त्या दाखवायला कोंडी धुतलेलं लुगडं नेसून आली होती. शेवाळाच्या कामावर तिला कायम करायचं, असं प्रोफेसर आदल्या दिवशीच बोलले होते. मी तिला ते सांगितलं तेव्हा तिनं दोनदा विचारलं, "कायम म्हंजे? पोरींच्या लग्नापावतर?" मी म्हटलं, म्हातारी होईपर्यंत.

प्रोफेसरांनी अहवाल वाचला. राबाचं रोप आणि शेवाळाचं रोप सारखंच येतं, असा निष्कर्ष. ते अधिकारी खुर्चीत सावरून बसले. म्हणाले, "वा! मग दरवर्षी या लोकांनी झाडं ओरबाडायचं कारणच काय? पुढच्या सालापासून राबासाठी कवळ तोडणं बंद करून टाकू. शेवाळ टाका म्हणावं." प्रोफेसर जरा चपापले, इतक्यात असं काही ठरवू नये म्हणाले, पण कागद तर त्यांचाच होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

कोंडीला शहरी मराठी बोलता यायची नाही, पण कळायची बरीच. तरी तिनं मला हळूच विचारलं, "कवळ बंद करतो म्हनला का?"

"हो," मी म्हटलं.

"आपल्या पाड्याची?"

"सगळ्यांचीच."

ती उठून उभी राहिली. पाड्यात राब झाला नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. हे त्या खोलीत फक्त तिला आणि मला माहीत होतं. ती घरच्या बोलीत भराभर बोलू लागली. प्रोफेसरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, काय म्हणते ही?"

मी सांगितलं. ती म्हणते, दुसरा वाफा तिनं भाजला. तुमचं अडलेलं दिसलं म्हणून भाजला. आमच्यात ते सांगत नसतात. आज सांगते, कारण नाही सांगितलं तर पाडा उपाशी मरेल. शेवाळ चांगलं आहे, पण ते खाचरात चांगलं, बियाच्या वाफ्याला भाजणंच लागतं. इतकं सगळं मी नीट, एक शब्द इकडचा तिकडे न करता सांगितलं.

शेवटी ती आणखी एक वाक्य बोलली होती. "मास्तरला ठावं हाय. त्यानं मुळाचा कोळसा पाहला." ते मी गाळलं.

कोंडीला माझी मराठी कळत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग ती खाली बसली. मला वाटलं, आता ही पुन्हा उठणार. ती उठली नाही. बरण्यांची झाकणं घट्ट आहेत का ते बघत राहिली.

प्रोफेसरांनी अहवाल फाडला नाही, ओरडलेही नाहीत. चष्मा काढून पुसला. मग अधिकाऱ्यांना म्हणाले, "हा कागद रद्द समजा. मी पुन्हा करतो." त्या माणसाबद्दल माझ्या मनात जी इज्जत आहे ती या एका वाक्यामुळे. पुढच्या साली त्यांनी तीन वाफे आखले आणि राखणीला दुसरी माणसं ठेवली. नुसतं शेवाळ घातलेल्या वाफ्यातली रोपं वीतभर आणि पिवळी आली. पण ज्या खाचरात लावणीनंतर चिकट शेवाळ सोडलं होतं तिथं लोंब्या भरदार होत्या. कोंडी म्हणाली होती तेच. ते तसं छापून आलं आणि कवळ बंद करायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

कोंडीला मात्र कामावर घेतलं नाही. प्रोफेसरांनी खटपट केली, पण कागदावर कुणीतरी 'भरवशाची नाही' असा शेरा मारून ठेवला होता. प्रोफेसरांचं माझ्यासाठीचं पत्र वर पोचलं आणि माझी नोकरी राहिली. छापील अहवालाच्या शेवटी आभार होते, त्यात 'स्थानिक शिक्षकांचं प्रामाणिक साहाय्य' असे शब्द आहेत. ती प्रत माझ्याकडे आहे. ते पान मी कुणाला दाखवत नाही. लाज वाटते.

अठ्ठावन्नच्या एप्रिलात मला टायफॉइड झाला. दीड महिना ठाण्याच्या इस्पितळात पडून होतो. माझी दोन खाचरं दाभोशाला, घरात कर्ता मीच. वेगळा राहणारा भाऊ विचारायला आला तर मी म्हटलं, यंदा राहू दे शेत, पडीक पडलं तर पडलं. जूनमध्ये काठी टेकत शेतावर गेलो. माझा वाफा भाजलेला होता. वर बारीक माती हातानं चाळल्यासारखी पसरलेली. बांधावर दगडाखाली पळसाच्या पानांची पुडी होती, ती उघडली तर आत वाळलेल्या चिकट शेवाळाचा चुरा.

मी तसाच चढ चढून पाड्यावर गेलो. कोंडी ओट्यावर नागली पाखडत होती. मी म्हटलं, "कोंडीबाय, माझा राब..."

"कोनता राब?" ती सुपातून मान वर न काढता म्हणाली.

मला रडू आलं. आजारी माणसाला लवकर येतं म्हणा. मी म्हटलं, "त्या दिवशी कचेरीत तू बोललीस त्यातलं एक वाक्य मी..."

तिनं सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि पेजेचा वाडगा आणून माझ्या हातात दिला. म्हणाली, "निवतंय. आधी पी."

मी पेज प्यालो. वाडगा तिनं माझ्याकडून घेतला, विसळला, पालथा घातला आणि पुन्हा पाखडायला बसली.