सुषमाची गाठ

मंगळवारी लॅबमध्ये मी चक्क रडले... आणि तेही बकऱ्याच्या पित्तनलिकेपायी!

सांगते. मी नागपुरात फार्मसीत पीएचडी करते. लिव्हरकडून आतड्यात पित्त नेणारी ही बारीकशी नळी... तिच्या भिंतीतला स्नायू औषधाने कसा आवळतो, हा माझा विषय. खाटकाकडून सकाळी ताजी नळी आणायची, इवलासा तुकडा दोन्हीकडे दोरा बांधून कोमट मिठाच्या पाण्यात लटकवायचा आणि औषधाचे थेंब सोडायचे. स्नायू आवळला की कॉम्प्युटरवर रेघ वर चढते.

माझी चढतच नव्हती. महिनाभर नुसती सपाट! आणि शेजारच्या टेबलवर सुषमा... तोच बकरा, तेच औषध, पण बाईसाहेबांची रेघ झरझर वर.

कसली जळायचे मी! खापा गावाहून रोज बसने येते, खाली मान घालून काम करते, आणि सगळं हिलाच जमतं. त्यात सरांनी तिच्यासमोरच सांगितलं, मंगळवारपर्यंत रेघ आली नाही तर हा विषय सुषमाला. चांगला तुकडा ही आधीच उचलते, असं मी दोघी-तिघींजवळ बोललेसुद्धा.

मंगळवारी माझा तुकडा पुन्हा मेल्यासारखा लटकला आणि मला रडूच फुटलं. सुषमा उठून आली. "काहून वं एवढी आवळून राहिली? जीव आहे ना त्यात."

मी दोरा करकचून बांधायचे. घट्ट म्हणजे पक्कं, असं डोक्यात बसलेलं. वर तुकडा ताणून लगेच औषध! पण हा स्नायू फार ताणला की दुखावतो... मग कितीही थेंब सोडा, हलत नाही.

सुषमाच्या घरी हातमाग होता. सूत तुटलं की शेजारचे धागे न ओढता गाठ मारायची, हे ती लहानपणापासून करायची. तिने दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा नवा तुकडा मला बांधायला लावला. मग तासभर त्याला नुसतं पाण्यात राहू दिलं. त्या तासात मला तिच्याकडे बघवेना.

थेंब सोडले... आणि चढली की हो रेघ!

सर म्हणाले, "वा! अगदी सुषमासारखी." घ्या, माझ्या कौतुकातही हीच! पुन्हा जळफळाट.

विषय माझ्याकडेच राहिला. ती नुसती गप्प बसली असती, तरी तो तिचा झाला असता.

ज्यांच्याजवळ मी नको ते बोलले, त्यांनी हे नक्की वाचा. सुषमा, थँक्यू गं... जळते मी अजूनही. कारण तुझ्या जागी मी असते, तर खुर्चीवरून उठले नसते.