मामाजींनी नापास केलेलं ॲप

देवाने सृष्टी निर्माण करून आधी आमच्या मामेसासऱ्यांना तपासायला दिली असती, तर ती अजून दुरुस्तीतच पडून राहिली असती. गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये त्यांनी उभा जन्म धान पारखण्यात घालवला. दाणा दाताखाली फोडून तो किती ओला आहे हे ते सांगत, आणि मालकापेक्षा लोकांचा त्यांच्या दातांवर विश्वास जास्त. निवृत्तीनंतर ते घरातली फोडणी आणि पंख्याचा आवाजसुद्धा तपासायला लागले, तेव्हा मामीजींनी हात जोडून त्यांना माझ्या कंपनीत धाडलं.

मोबाइल ॲप बनवणारी ही कंपनी म्हणजे बाजारातल्या दोन खोल्या. वर्षभरात चाराचे बावीस जण झालो होतो, खुर्च्या मात्र सोळाच. कामं इतकी भराभर येत की केलेलं तपासायला कुणाला सवड नव्हती. मामाजींना मी सहज एक ॲप चालवून बघायला दिलं. त्यांनी नावाच्या जागी मोबाइल नंबर टाकला, नंबरच्या जागी गाव टाकलं, मुद्दाम पिठात बुडवलेल्या बोटाने एकच बटण सात वेळा दाबलं. ॲप बंद पडलं. आमचा मुख्य इंजिनियर वैतागून म्हणाला, "मामाजी, ऐसा कोई करता है क्या?" "मी केलो ना!" मामाजी शांतपणे म्हणाले, आणि उठून हात धुऊन आले. ॲपमधल्या चुकीला आम्ही 'बग' म्हणायचो, तो शब्द त्यांना पटला नाही. ते 'खडा' म्हणत. महिन्याभरात अख्खं ऑफिस खडे वेचायला लागलं.

पुढे सडक अर्जुनीकडच्या एका मिलचं काम आलं. धान घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरांना ॲपवरून नंबर द्यायचे होते. ॲप चालू करायच्या आदल्या दिवशी मामाजींनी ते नापास केलं. "एका गावात दोन-दोन तुळशीराम रायतात, जवाईबापू. दोघायले एकच नंबर देऊन राहिला हा."

"मामाजी, उद्या चालू करायचंय. मग दुरुस्त करू."

"तुमची कंपनी हाय, तुमी पाठवा. मी पास म्हणणार नाही."

मी पाठवलं. दुसऱ्या दिवशी मिलच्या फाटकात दोन तुळशीराम समोरासमोर उभे, दोघांचा नंबर सतरा, दोघेही मागे हटेनात. मागे ट्रॅक्टरांची रांग, वर भरून आलेलं आभाळ आणि ट्रॉल्यांत धानाची उघडी पोती. मी घाईघाईने पोचलो तर मामाजी सकाळच्या बसनेच येऊन दाखल! एकेकाच्या बापाचं नाव विचारत ते ट्रॅक्टरांवर खडूने नवे नंबर लिहीत होते. दुपारपर्यंत शेवटचं पोतं आत गेलं, पाऊस त्यानंतर पडला. मी मान खाली घालून त्यांची माफी मागितली.

"मले कायले माफी मांगता? त्या दोघायले मांगा."

मागितली. एक तुळशीराम हसला, दुसरा ट्रॅक्टर चालू करून निघून गेला. त्यानंतर मामाजींना विचारल्याशिवाय आमचं काहीही बाहेर गेलं नाही. पण 'पास' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. फार खूश झाले तर म्हणत, "खपून जाईल."

आता आमच्याकडे तपासणीचा वेगळा विभाग आहे. मामाजी सालेकशाजवळ आपल्या गावी असतात. दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा हौसेने नवं ॲप उघडून फोन त्यांच्या हातात दिला आणि मामीजींशी बोलत बसलो. बराच वेळ ते काचेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मस्त झालं, जवाईबापू. पास."

मी वाकून बघितलं. फोनचा पडदा केव्हाच काळा झाला होता. मामीजींनी स्वतःच्या डोळ्यांवर बोट ठेवून 'दिसत नाही' अशी मान हलवली आणि मला गप्प राहायला खुणावलं. मी "बरं, मामाजी" म्हणालो, आणि फोन आणखी थोडा वेळ त्यांच्या हातात राहू दिला.